पुढच्या डॉक्टरला तेरा भाग द्या

प्रति,
बीबीसीच्या नाट्य विभागातले अधिकारी, आणि 'डॉक्टर हू' या मालिकेचा पुढचा नायक किंवा नायिका ठरवायला जे कोणी बसणार असतील ते सगळे,

स. न. वि. वि.

३१ मे २०२५ ला शूटी गाटवाचा डॉक्टर उजेडात विरघळला आणि त्याच्या जागी बिली पायपरचा हसरा चेहरा दिसला. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण डॉक्टर म्हणून नाही, नुसतंच नाव. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डिस्नेची भागीदारी संपल्याचं तुम्ही जाहीर केलंत आणि २०२६ च्या नाताळात रसेल टी. डेव्हिस यांनी लिहिलेला एक विशेष भाग येईल असं सांगितलंत. त्यानंतर कधी ना कधी त्या निळ्या पेटीच्या दारात नवा माणूस उभा राहणारच. तो कोण असावा याबद्दल मला काही म्हणायचं नाही. बाई असो, पुरुष असो, विशीतला असो की साठीतला, तुमची निवड आजवर क्वचितच चुकली आहे. माझं मागणं त्याच्या पहिल्या सीझनबद्दल आहे. त्याला तेरा भाग द्या, तेराही भागांत पडद्यावर ठेवा आणि पुढच्या वर्षी वेळेवर परत आणा.

टीव्ही पाहण्यासाठी ब्रिटनमध्ये भरावी लागणारी तुमची लायसन्स फी मी भरत नाही, त्यामुळे अधिकारवाणीने बोलायचा मला हक्क नाही हे मान्य. पण ही मालिका तुम्ही जगभर विकता, आणि जगात पुणेही येतं.

पत्र खुलं आहे, त्यामुळे मालिका न पाहिलेल्यांसाठी दोन ओळी. डॉक्टर हा माणसासारखा दिसणारा परग्रहवासी. जुन्या ब्रिटिश पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या टार्डिस नावाच्या यानातून तो काळातून आणि अवकाशातून फिरतो. मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं आणि नवा नट येतो. आठवणी त्याच, माणूस तोच, पण चेहरा, आवाज, चालणं, चिडणं सगळं वेगळं. १९६६ साली पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा मालिका बंद करण्याऐवजी तुमच्या लोकांनी ही युक्ती काढली आणि तिच्यावर मालिका साठ वर्षं तगली. आमच्या रंगभूमीवर याला रिप्लेसमेंट म्हणतात. गाजलेल्या नाटकात मुख्य भूमिकेत दुसरा नट उभा राहतो आणि पहिले काही प्रयोग प्रेक्षक हाताची घडी घालून बसतो. आपल्या डोक्यातल्या जुन्या नटाशी तो नव्या नटाला ताडून बघत असतो. ती घडी सुटायला प्रयोग लागतात, दुसरा इलाज नाही. फरक इतकाच की आमच्याकडे नव्या नटाने जुन्याचीच भूमिका करायची असते. तुमच्याकडे त्याला भूमिकाच नवी शोधायची असते, आणि ती शोधताना तो चाचपडतोय हे लाखो लोक बघत असतात.

आता तुम्ही त्याला शोधायला किती वेळ देता ते पाहू. २००५ मध्ये क्रिस्टोफर एकल्स्टनला पहिल्या (आणि एकमेव) सीझनमध्ये तेरा भाग मिळाले. २००६ मध्ये डेव्हिड टेनंटला तेरा, २०१० मध्ये मॅट स्मिथलाही तेरा. २०१४ मध्ये पीटर कपाल्डीला बारा. २०१८ मध्ये जोडी व्हिटेकरला दहा. २०२४ मध्ये गाटवाला आठ. याच चालीने गेलो तर पुढच्या नटाची ओळख ट्रेलरमध्येच उरकावी लागेल.

हार्टनेल यांच्या पहिल्या सीझनमध्ये ४२ भाग होते. साधारण पंचवीस-पंचवीस मिनिटांचे, नोव्हेंबर १९६३ ते सप्टेंबर १९६४. तितके कोणी मागत नाही, पण त्या भागांत काय घडलं ते जरा आठवा. सुरुवातीचा डॉक्टर आजच्या प्रेक्षकाला ओळखू येणार नाही. तो खडूस आहे, संशयी आहे, दोन शाळामास्तरांना चक्क पळवून नेतो. पहिल्याच कथेत जखमी गुहामानवामुळे पळायला उशीर होतोय म्हटल्यावर तो हातात दगड उचलतो. कशासाठी ते सांगायची गरज नाही, शाळामास्तर इयन त्याचा हात धरतो. गंमत म्हणजे हा त्याचा मवाळ अवतार होता. आधी केलेला पायलट, म्हणजे पहिल्या भागाचा नमुना, तुमच्या नाट्य विभागाचे तेव्हाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना पसंत पडला नाही, इतर दोषांसोबत डॉक्टर फार कठोर वाटतो असं त्यांचं म्हणणं होतं, म्हणून तो भाग पुन्हा चित्रित झाला. दोन्ही वेळा दिग्दर्शक होते वारिस हुसेन, लखनौत जन्मलेले, वय अवघं चोवीस. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्टही तिशीच्या आतल्या. तुमच्या संस्थेतल्या बुजुर्गांनी ज्या दोघांकडे भुवया उंचावून पाहिलं, त्यांनी ही मालिका उभी केली. (नवख्यांवर विश्वास टाकला की काय होतं हे तुमच्याच घरच्या इतिहासात आहे, ते पुण्याहून सांगायला नको.)

या दगड उचलणाऱ्या माणसाचा डॉक्टर कधी झाला? माझ्या मते १५ फेब्रुवारी १९६४ ला, तेराव्या भागात. सुरुवातीच्या तेरा भागांचा हिशेब जुळवायला दोन भाग कमी पडत होते आणि नव्या सेटसाठी किंवा पाहुण्या नटांसाठी पैसा नव्हता. मग मालिकेचे कथासंपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी घाईघाईने दोन भागांची कथा लिहिली, जिच्यात फक्त टार्डिस आहे आणि चार नेहमीची माणसं. राक्षस नाही, दुसरा ग्रह नाही. यान बिघडलंय, चौघंही एकमेकांवर संशय घेतायत आणि डॉक्टर त्या दोन शिक्षकांवर नाही नाही ते आरोप करतोय. शेवटी दोष निघतो एका बटणाच्या अडकलेल्या स्प्रिंगचा. आणि मग तो ताठ म्हातारा शिक्षिका बार्बराजवळ येऊन माफी मागतो. त्यापुढचा हार्टनेल वेगळा आहे. मिश्कील आहे, आजोबा आहे. निव्वळ भरतीसाठी लिहिलेल्या भागाने मालिकेला नायक दिला. आठ भागांच्या सीझनमध्ये असा भाग बसूच शकत नाही, कारण तिथे प्रत्येक भाग 'मोठा' असावा लागतो.

हार्टनेल यांच्या जागी आलेल्या पॅट्रिक ट्राउटन यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण पाहायलाच मिळत नाही. डॉक्टर बदलू शकतो हे प्रेक्षकाला पहिल्यांदा पटवणाऱ्या त्यांच्या पहिल्या कथेचे सहाही भाग तुम्ही पुसून टाकलेत. आवाज उरलाय, तोही घरी टेप लावून बसलेल्या रसिकांच्या कृपेने. त्या आवाजात ट्राउटन डॉक्टरचा उल्लेख परक्या माणसासारखा करतात, विचारलेल्या प्रश्नाला बासरी वाजवून उत्तर देतात आणि सोबतच्या दोघांपैकी बेनचा कितीतरी वेळ विश्वासच बसत नाही. लेखकाने प्रेक्षकाची शंका पात्रांच्या तोंडी घातली आणि ती फिटायला पुरेसा वेळ दिला. एका मिनिटात 'होय, हाच तो' असं कोणी म्हणत नाही.

आता २०१८ कडे येतो. मूळ मुद्दा तिथेच आहे.

१६ जुलै २०१७ ला विम्बल्डनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यानंतर तुम्ही जोडी व्हिटेकरचं नाव जाहीर केलंत आणि पुढचं सव्वा वर्ष एकच प्रश्न चघळला गेला, बाई डॉक्टर होऊ शकते का? ७ ऑक्टोबर २०१८ च्या पहिल्या भागाने त्याचं उत्तर दिलं. आगगाडीच्या टपातून कोसळलेली ही बाई स्वतःचं नाव विसरलेली आहे, पण पुढच्याच मिनिटाला सगळ्यांना कामाला लावते. शेफील्डच्या स्टीलचे चमचे वितळवून डॉक्टरचं नेहमीचं अवजार, सॉनिक स्क्रूड्रायव्हर, स्वतः बनवते आणि एका क्रेनवरून दुसऱ्या क्रेनवर उडी घेते. बोलते आपल्याच यॉर्कशायरच्या हेलात. तो भाग एक कोटीहून जास्त लोकांनी पाहिला. म्हणजे लोक आले होते. घडी घालूनच का होईना, बसले होते.

मग त्यांच्यासमोर काय मांडलं गेलं? मालिकेचे नवे मुख्य लेखक-निर्माते क्रिस चिबनॉल यांनी सगळंच एकदम बदललं. संगीतकार नवा, जुना एकही शत्रू नाही, प्रत्येक भाग स्वतंत्र, आणि नव्या डॉक्टरबरोबर तीन नवे सोबती, ग्रॅहम, रायन आणि यास्मिन. धाडस म्हणून मला ते आवडलं. पण गणित करून पाहा. दहा भाग आणि चार नवी मुख्य माणसं. पहिल्याच भागात ग्रॅहमची बायको ग्रेस मरते, आणि तिथून सीझनची खरी गोष्ट ग्रॅहमची आणि त्याच्या सावत्र नातवाची, रायनची होते. रायन त्याला आजोबा कधी म्हणणार? ग्रेसच्या मारेकऱ्याला ग्रॅहम मारणार की सोडणार? ब्रॅडली वॉल्श यांनी ते फार सुंदर केलंय, तक्रार नाही. पण त्या गोष्टीत डॉक्टर यजमानीण आहे, नायिका नाही.

आणि त्यातच सीझनचे दोन सर्वोत्तम भाग असे निघाले ज्यात डॉक्टरने काहीच न करणं हाच कथेचा गाभा आहे. 'रोझा'मध्ये १९५५ च्या अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत, बसमधली जागा गोऱ्या माणसाला द्यायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्सना अटक व्हावी म्हणून डॉक्टर आणि तिच्या माणसांना बसमध्ये बसून राहावं लागतं. गर्दी पुरेशी झाली नाही तर इतिहास घडणार नाही. ग्रॅहमला उतरायचंय, आपण यात सामील व्हायला नको म्हणून, आणि डॉक्टर त्याला उतरू देत नाही.

दुसरा भाग 'डीमन्स ऑफ द पंजाब'. त्यावर थोडं थांबतो, कारण तो आमच्याही घरचा आहे. विनय पटेल यांनी लिहिलेला हा भाग ११ नोव्हेंबर २०१८ ला, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या शताब्दीदिवशी तुम्ही दाखवलात. यास्मिन खानला नानीने एक बंद पडलेलं घड्याळ दिलंय आणि त्याची गोष्ट सांगायला मात्र नकार दिलाय. ती शोधायला सगळे १९४७ च्या ऑगस्टमध्ये पोचतात. तिथे तरुण उंब्रीन आहे आणि तिचं लग्न प्रेम नावाच्या हिंदू शेतकऱ्याशी ठरलंय. हा प्रेम म्हणजे यास्मिनचा आजोबा नव्हे, हे कळल्यावर पुढे काय होणार याचा अंदाज आपल्याला येतो आणि पोटात गोळा येतो. ज्यांना सगळे राक्षस समजतात ते परग्रहवासी निघतात एकेकाळचे मारेकरी, जे आता एकाकी मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणाला साक्षी राहतात. खरा शत्रू घरातच आहे, प्रेमचा धाकटा भाऊ मनीष. फाळणीवरच्या कथा-कादंबऱ्या आणि चित्रपट पाहत वाढलेल्या आम्हा लोकांना यात नवीन काय, असं वाटू शकतं. मला नवीन वाटली ती नेमकी एक गोष्ट. ब्रिटनच्या सार्वजनिक वाहिनीने रविवारच्या संध्याकाळी, घरोघरची मुलं बघत असताना, सीमारेषा कोणी आखली आणि तिच्यापायी कोण मेलं हे कुठलीही सारवासारव न करता सांगितलं. आणि शेवटी ती जगप्रसिद्ध धून नेहमीच्या यंत्रघोषाऐवजी गायकाच्या आलापीतून आली. चित्रीकरण स्पेनमध्ये झाल्यामुळे पंजाबातल्या त्या शेताच्या मागे टेकड्या उगवल्यात, तेवढ्यावर आमचे पंजाबी मित्र हसतात. हसू द्या.

त्या भागात व्हिटेकरला दोन जागा मिळतात आणि दोन्ही ती जिंकते. एक, बायकांच्या घोळक्यात बसून हातावर मेंदी काढून घेताना ती लहान मुलीसारखी हरखते. पुरुष असताना हे कधी वाट्याला आलं नव्हतं याचा तो निखळ आनंद, त्यात कुठेही भाषण नाही. दुसरी, ती स्वतः ते लग्न लावते, पुढच्या काही तासांत काय होणार हे ठाऊक असून. आणि मग प्रेमला मागे सोडून चालू लागते. पाठीमागे गोळी झाडल्याचा आवाज येतो आणि तिला वळता येत नाही.

दोन्ही भाग मी कोणालाही बिनदिक्कत दाखवीन. पण तेरापैकी दोन भागांत नायिकेचे हात बांधलेले असणं वेगळं, आणि दहापैकी दोन भागांत असणं वेगळं. उरलेल्या आठांत तिच्या स्वतःच्या विजयाला, रागाला, चुकीला जागा कुठे उरली? ती बाई आहे म्हणून तिला कोणी जुमानत नाही, ही साधी गोष्ट 'द विचफाइंडर्स'मध्ये ठळकपणे येते. राजा जेम्स तिला मदतनीस समजतो आणि ग्रॅहमला साहेब. तो भाग आठवा आहे! आणि नवव्या भागात, 'इट टेक्स यू अवे'मध्ये, व्हिटेकर एका बेडकाशी बोलते. बेडूक म्हणजे एक अख्खं एकटं पडलेलं विश्व, त्याला मैत्रीण हवी आहे, आणि डॉक्टरला त्याचा निरोप घ्यावा लागतोय. लिहिताना हास्यास्पद वाटतं, पण पडद्यावर तिच्या डोळ्यांत कुतूहल, लोभ आणि कणव एकाच वेळी दिसतात. तिथे ती मला पहिल्यांदा पूर्णपणे डॉक्टर वाटली. नवव्या भागात ती सापडली आणि दहाव्या भागात सीझन संपला.

त्यानंतर १ जानेवारी २०१९ ला एक विशेष भाग आला आणि मग थेट १ जानेवारी २०२० पर्यंत काही नाही. नुकती ओळख झालेल्या माणसाला तुम्ही वर्षभर घरात बोलावलं नाहीत. हे तुम्ही आधीही केलं होतं. १९८४ च्या मार्चमध्ये सीझनच्या अगदी शेवटी कॉलिन बेकर आले, पहिल्याच कथेत सोबतीण पेरीचा गळा आवळणारा, बिथरलेला डॉक्टर म्हणून. तो हळूहळू उलगडत जाईल अशी कल्पना होती. मग प्रेक्षकाला जानेवारी १९८५ पर्यंत त्या गळा आवळणाऱ्या प्रतिमेवर सोडून दिलं गेलं, त्या सीझननंतर मालिकाच दीड वर्ष थांबवली, आणि परत आणून एका सीझननंतर त्यांना घरी पाठवलं. उलगडणार कधी? हात सैल सोडल्यावर काय होतं हेही तुम्हाला ठाऊक आहे. टॉम बेकर यांना १९७४-७५ च्या पहिल्या सीझनमध्ये पाच कथा मिळाल्या, सलग वीस आठवडे, आणि १९८१ पर्यंत ते गेलेच नाहीत.

गाटवाचं तर आणखी कठीण. ११ मे २०२४ ला दोन भाग एकाच दिवशी सोडलेत, म्हणजे आठ भागांचे शनिवार झाले सात. त्यातल्या '७३ यार्ड्स' आणि 'डॉट अँड बबल' या लागोपाठच्या दोन भागांत तो जेमतेम दिसतो, कारण 'सेक्स एज्युकेशन'चं त्याचं चित्रीकरण उरकायचं होतं. '७३ यार्ड्स' उत्तम आहे, सोबतीणीच्या भूमिकेतल्या मिली गिब्सनने तो एकहाती पेलला आहे. पण नव्या नटाच्या पहिल्याच सीझनमध्ये, सातपैकी दोन शनिवार, तोच नाही? हजेरी अशी असेल तर प्रेक्षकाने जीव कोणावर लावायचा? आणि जेव्हा तो होता तेव्हा काय होता ते 'बूम'मध्ये पाहा. सुरुंगावर पाय पडलाय, हलायचं नाही, आणि जवळजवळ अख्खा भाग एका जागी उभं राहून त्याने नुसत्या चेहऱ्याने आणि आवाजाने खेचून नेलाय. किंवा 'डॉट अँड बबल'चा शेवट घ्या. ज्यांना वाचवायला आलाय ती गोरी, श्रीमंत पोरं त्याचा हात धरायला नकार देतात. तो आधी हसतो, मग ओरडतो. तेवढ्या दोन मिनिटांसाठी त्याला मानलं पाहिजे. असल्या नटाला दोन सीझन मिळून सोळा भाग आणि दोन नाताळ मिळाले.

सीझन फसला की दोष कोणावर येतो, तेही बघा. भागांची संख्या ठरवणारा माणूस कोणाला माहीत नसतो. पोस्टरवर चेहरा नटाचा असतो. व्हिटेकरच्या वेळी म्हटलं गेलं, बघा, बाई डॉक्टर चालली नाही. गाटवाच्या वेळी त्याच्या रंगावर आणि तो कोणावर प्रेम करतो यावर बोट ठेवलं गेलं. असं बोलणाऱ्यांचं मत तेराच काय, तेवीस भागांनीही बदललं नसतं, त्यांच्यासाठी मी काही मागत नाही. पण मधला जो मोठा वर्ग हाताची घडी घालून बसला होता, तो वाट बघत होता आणि त्याला पुरेसा वेळ दिला गेला नाही. २०१८ चा सीझन संपेपर्यंत पहिल्या भागाच्या प्रेक्षकांपैकी एक तृतीयांशहून अधिक उठून गेले होते.

पैसे नाहीत, असं तुम्ही म्हणाल. डिस्ने गेल्यावर तर नाहीतच. म्हणूनच मला वाटतं ही वेळ चांगली आहे. आठ महागडे भाग करण्याइतका पैसा असेल तर पाच महागडे आणि आठ स्वस्त करा. 'मिडनाइट' हा २००८ चा भाग जवळजवळ संपूर्ण एका बंद गाडीत घडतो आणि त्यातला राक्षस आपल्याला दिसतसुद्धा नाही. लोक त्याला अजून घाबरतात. उडती शहरं आणि फुटणारे ग्रह आम्ही इतर ठिकाणी रोज बघतो, त्यांच्याशी स्पर्धा तुम्हाला परवडणार नाही. चार माणसं एका खोलीत कोंडून त्यांना बोलायला लावणं हे मात्र तुमच्या लेखकांना जन्मजात येतं.

तर नव्या नटाशी करार करताना आधी तारखा मोकळ्या करून घ्या. सोबती एकच द्या, फार तर दोन. पहिल्या सीझनचं काम चालू असतानाच दुसऱ्याची तारीख ठरवून टाका. आणि तेरापैकी एक भाग असा लिहून घ्या ज्यात टार्डिसचं दार उघडतच नाही.

कळावे,
पुण्यातला एक प्रेक्षक